कचेरीत अवतरणारी भुतावळ

ऑक्टोबरचा शेवटचा आठवडा उजाडला की अमेरिकेतील कचेऱ्यांचे रूप पालटू लागते. एरवी करड्या रंगाच्या अर्ध्या भिंतींनी विभागलेली आणि ट्यूबलाइटच्या थंड प्रकाशात न्हालेली ही दालने नारिंगी व काळ्या रंगांनी भरून जातात. स्वागतकक्षातील मेजावर कोरलेला भोपळा दात विचकून हसत असतो. झेरॉक्सच्या यंत्रावर कोळिष्टके पसरलेली असतात. लेखा विभागातील एखाद्या रिकाम्या खुर्चीत प्लॅस्टिकचा सांगाडा हिशेबाचे कागद हाती धरून बसलेला असतो, तर पाणी पिण्याच्या जागेशेजारी पुठ्ठ्याच्या थडग्यावर ‘येथे चिरविश्रांती घेत आहे गेल्या तिमाहीचे अंदाजपत्रक’ असा लेख झळकत असतो. भारतातून नुकताच तेथे गेलेला एखादा मराठी अभियंता हे दृश्य पाहून प्रथम चक्रावतो. वेळेची आणि कामाची एवढी शिस्त बाळगणाऱ्या या मंडळींनी कामाच्या जागी भुतेखेते का आणून बसवावीत, हा प्रश्न त्याला पडल्यावाचून राहत नाही.

हा सण म्हणजे हॅलोविन. ३१ ऑक्टोबरची संध्याकाळ हा त्याचा मुख्य काळ. मुलांनी सोंगे घेऊन घरोघर गोळ्या-चॉकलेटे मागत हिंडावे, मोठ्यांनी दारापुढे भोपळ्याचे दिवे लावावेत, एवढेच त्याचे रूप आपल्याला चित्रपटांतून ठाऊक असते. परंतु घराच्या अंगणातून हा सण कार्यालयात शिरला, तेव्हा त्याच्याबरोबर काही अवघड प्रश्नही आत आले. घरी कोणती आरास करायची हे घरमालक ठरवतो आणि ती पाहायला कोणी यावे यावर कसलीही सक्ती नसते. कचेरीत मात्र प्रत्येकाला यावेच लागते. म्हणूनच कार्यालयातील हॅलोविनची आरास हा वरवर गमतीचा दिसणारा विषय प्रत्यक्षात सहकाऱ्यांच्या सुरक्षिततेशी, श्रद्धेशी आणि प्रतिष्ठेशी जोडलेला आहे. तो नीट समजून घ्यायचा तर या सणाच्या मुळाशी जायला हवे.

सलगमापासून भोपळ्यापर्यंत

आयर्लंड आणि स्कॉटलंड या प्रदेशांतील प्राचीन केल्टिक समाजात ‘सॉविन’ नावाचा सण होता. सुगी संपून हिवाळा सुरू होण्याचा तो संधिकाल. या रात्री जिवंतांचे जग आणि मृतांचे जग यांतील पडदा विरळ होतो, अशी समजूत होती. पुढे ख्रिस्ती धर्म पसरल्यावर नवव्या शतकात पश्चिम युरोपात १ नोव्हेंबर हा ‘सर्व संतांचा दिवस’ म्हणून रूढ झाला. जुन्या इंग्रजीत संताला ‘हॅलो’ म्हणत. त्या दिवसाची पूर्वसंध्या म्हणून ३१ ऑक्टोबर हा ‘हॅलोज ईव्ह’ ठरला आणि उच्चाराच्या ओघात त्याचे ‘हॅलोविन’ झाले. तेव्हा या सणाचे नाव ख्रिस्ती आणि त्याच्या काही समजुती त्याहून जुन्या, अशी ही सरमिसळ आहे. आजही काही श्रद्धाळू ख्रिस्ती मंडळींना हा सण आपला वाटत नाही, त्याचे एक कारण या सरमिसळीत आहे.

भोपळ्याचा दिवा मात्र अमेरिकेची देणगी होय. आयर्लंडमध्ये सलगमाचा कंद कोरून त्यात भेसूर चेहरा काढीत. जॅक नावाच्या लबाड माणसाने सैतानाला फसवले. परिणामी त्याला स्वर्गातही जागा मिळाली नाही आणि नरकातही. कोरलेल्या कंदात निखारा ठेवून तो अंधारात भटकत राहिला, अशी तिकडची लोककथा आहे. त्यावरूनच अशा दिव्याला ‘जॅक-ओ-लँटर्न’ हे नाव पडले. १८४५ ते १८४९ या काळात आयर्लंडमध्ये बटाट्याच्या पिकावर रोग पडून भीषण दुष्काळ ओढवला आणि लाखो आयरिश लोक अटलांटिक ओलांडून अमेरिकेत आले. त्यांच्याबरोबर या प्रथाही आल्या. अमेरिकेच्या भूमीत मूळचाच असलेला लाल भोपळा आकाराने मोठा, आतून पोकळ आणि कोरायला सलगमापेक्षा कितीतरी सोपा. साहजिकच सलगम मागे पडला. आज इलिनॉय हे राज्य भोपळ्याच्या उत्पादनात अमेरिकेत आघाडीवर आहे.

खोडीकडून आराशीकडे

अमेरिकेत रुजलेला हा सण सुरुवातीला आजच्याइतका गोजिरवाणा नव्हता. हॅलोविनची रात्र म्हणजे उनाड पोरांना मोकळे रान. खिडक्यांना साबण फासणे, अंगणातील संडासाची खोपटी उलथून टाकणे, गुरे सोडून देणे असले प्रकार सर्रास चालत. मिनेसोटा राज्यातील अनोका या छोट्या गावाने या उपद्रवावर १९२० मध्ये एक तोड काढली. गावातील प्रतिष्ठितांनी हॅलोविनची मिरवणूकच आयोजित केली. पोरांची शक्ती खोड्यांत जाण्याऐवजी सोंगे घेण्यात आणि मिरवण्यात जावी, हा हेतू होता. तो सफल झाला आणि अनोका आजही स्वतःला ‘जगाची हॅलोविन राजधानी’ म्हणवून घेते. या घटनेतील मर्म ध्यानात घेण्याजोगे आहे. ज्याची इच्छा नाही त्याला छळणारी खोडी मागे पडून, ज्यांची इच्छा आहे त्यांनी मिळून करायचा खेळ पुढे आला.

या खेळाला साहित्य पुरवणारा उद्योगही याच सुमारास उभा राहिला. मॅसॅच्युसेट्समधील डेनिसन या कागदाच्या कंपनीने १९०९ मध्ये ‘बोगी बुक’ नावाची पुस्तिका काढली. क्रेप कागदापासून झिरमिळ्या, मुखवटे, मेजावरची सजावट कशी करावी याची सचित्र माहिती तीत असे. अर्थात पुस्तिका वाचणाऱ्याने क्रेप कागद डेनिसनचाच घ्यावा, हा त्यामागचा व्यापारी विचार होता. पेनसिल्व्हेनियातील बायस्टल या कंपनीने पुठ्ठ्याच्या, सांध्यांत हलणाऱ्या सांगाड्यांना आणि मधाच्या पोळ्यासारख्या उलगडणाऱ्या कागदी भोपळ्यांना घरोघर पोहोचवले. घडी घालून कपाटात ठेवता येणारी आणि पुढल्या वर्षी पुन्हा लावता येणारी ही आरास कार्यालयांना सोयीची होती, हे निराळे सांगायला नको.

कामाच्या जागी हॅलोविन साजरा होण्याचे एक ठळक उदाहरण खुद्द व्हाइट हाउसचे आहे. १९५८ मध्ये राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांच्या पत्नी मेमी आयझेनहॉवर यांनी कर्मचाऱ्यांच्या पत्नींसाठी भोजन आयोजित केले आणि त्या वास्तूत प्रथमच हॅलोविनची सजावट झाली. शाही मेजवान्यांच्या दालनात सांगाडे टांगलेले पाहून निमंत्रितांना काय वाटले असेल, याची कल्पनाच करावी. त्यानंतर हळूहळू बँका, वर्तमानपत्रांच्या कचेऱ्या, रुग्णालये, विमा कंपन्या आणि पुढे संगणक उद्योग असे सर्वत्र हे लोण पोहोचले.

आज या हौसेचा पसारा प्रचंड आहे. अमेरिकेतील किरकोळ व्यापाऱ्यांची संघटना असलेल्या ‘नॅशनल रिटेल फेडरेशन’च्या अंदाजानुसार २०२३ मध्ये हॅलोविनवर सुमारे १,२२० कोटी डॉलर खर्च झाले. त्यांपैकी जवळजवळ ३९० कोटी डॉलर केवळ सजावटीवर होते. २०२० मध्ये ‘होम डेपो’ या दुकानसाखळीने १२ फूट उंचीचा सांगाडा २९९ डॉलरना विक्रीस काढला, तेव्हा त्यावर ग्राहकांच्या उड्या पडल्या.

परंतु कार्यालयातील उत्तम आरास पैशावर अवलंबून नसते. नासाच्या पॅसाडेना येथील जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीत, म्हणजे मंगळावर याने धाडणाऱ्या प्रयोगशाळेत, २०११ पासून अभियंत्यांची भोपळे कोरण्याची स्पर्धा भरते. फिरणारे, धूर सोडणारे, दिव्यांनी उजळणारे भोपळे तेथे पाहायला मिळतात. भोपळा कोरायला एकच तास मिळतो आणि या उद्योगासाठी कार्यालयीन वेळ वापरायचा नाही, असा दंडक आहे. हौस आणि काम यांच्यामधील रेषा येथे आधीच आखून घेतलेली असते. स्पर्धेत उतरणारे आपणहून उतरतात, बाकीचे नुसते पाहून जातात.

भीती गोड का लागते?

भीतीत माणसाला आनंद का वाटावा, यावर अलीकडे बरेच संशोधन झाले आहे. पिट्सबर्ग येथील समाजशास्त्रज्ञ मार्गी केर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका ‘भुताच्या वाड्या’त जाणाऱ्या २६२ प्रौढांचा अभ्यास केला. वाड्यातून बाहेर आल्यावर अनेकांचे मन आधीपेक्षा प्रसन्न झालेले आढळले. आत जाण्यापूर्वी थकलेल्या, कंटाळलेल्या किंवा ताणाखाली असलेल्या मंडळींत ही सुधारणा विशेष दिसली. डेन्मार्कमधील संशोधकांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या दुसऱ्या अभ्यासात असे दिसले, की भीती आणि आनंद यांचे नाते सरळ रेषेत वाढत नाही. भीती फार कमी असली तर कंटाळा येतो, फार वाढली तर आनंद ओसरतो. मधल्या कुठल्याशा बिंदूवर तिची गोडी सर्वाधिक असते.

हे निष्कर्ष वाचून एखादा उत्साही व्यवस्थापक म्हणेल, की मग आपल्या थकल्याभागल्या कर्मचाऱ्यांना थोडे घाबरवणे हिताचेच ठरेल. येथेच चूक होते. पिट्सबर्गच्या अभ्यासातील त्या २६२ जणांनी वाड्यात जाण्याचे तिकीट आधीच काढलेले होते. त्यांना घाबरायचे होते, किती घाबरायचे याचा साधारण अंदाज होता आणि नकोसे झाले तर बाहेर पडण्याची मुभाही होती. संशोधकांनी या अनुभवाला जे नाव दिले त्यात ‘स्वेच्छेने’ हा शब्द प्रारंभीच येतो. भीतीचा मधला गोड बिंदूही प्रत्येकाचा निराळा असतो. एकाला ज्यात हसू येते, त्यात दुसऱ्याच्या छातीत धस्स होते.

कचेरीत येणाऱ्या कर्मचाऱ्याने असे कोणतेही तिकीट काढलेले नसते. तो पगारासाठी आलेला असतो. त्याला आपल्या मेजापर्यंत पोहोचायचे असते, फोन उचलायचे असतात, ग्राहकांशी बोलायचे असते. वाटेत टांगलेला रक्ताळलेला हात त्याला आवडो वा न आवडो, त्याखालूनच जावे लागते. आवडत नाही असे म्हणावे, तर ‘याला विनोदबुद्धी नाही’ असा शिक्का बसण्याची धास्ती. आणि आरास करणारा वरिष्ठ असेल, तर मग विचारायलाच नको. तेव्हा कार्यालयातील आराशीचा विचार तिकीट न काढलेल्या या सहकाऱ्यापासून सुरू व्हायला हवा.

दार, वाट आणि दिवा

या सहकाऱ्याचा पहिला हक्क सुखरूप राहण्याचा. अमेरिकेत कामगारांच्या सुरक्षिततेची जबाबदारी ‘ओशा’ या संक्षिप्त नावाने ओळखल्या जाणाऱ्या केंद्रीय यंत्रणेकडे आहे. तिच्या नियमांत सजावटीचा थेट उल्लेख आहे. बाहेर पडण्याच्या मार्गावर सहज पेट घेणारी सजावट असता कामा नये आणि बाहेर पडण्याचे दार दिसेनासे होईल अशी कोणतीही सजावट किंवा फलक त्या दारावर लावता कामा नये, असे हे नियम सांगतात. कार्यालयात सर्वांत मोठे, सर्वांत मोकळे दार नेमके जिन्याकडचे असते आणि सजावट करणाऱ्याची नजर नेमकी त्याच दारावर जाते. त्यावर काळा पडदा सोडून ‘स्मशानाचे प्रवेशद्वार’ करण्याची कल्पना आकर्षक खरी. परंतु प्रत्यक्षात आग लागली, धूर कोंडला आणि एखादा पाहुणा दार शोधू लागला, तर तो पडदा गंमत राहत नाही.

छताकडेही असेच लक्ष द्यावे लागते. आग लागल्यास पाणी उडवणाऱ्या स्प्रिंक्लरच्या खाली किमान १८ इंच जागा मोकळी ठेवावी, असा नियम आहे. त्या तोट्यांना वटवाघळे किंवा कोळी लटकवणे म्हणजे पाण्याच्या फवाऱ्यात अडथळा आणणे. कृत्रिम कोळिष्टके, वाळलेली मक्याची ताटे, गवताच्या पेंढ्या आणि क्रेप कागद हे सारे झटकन पेटणारे पदार्थ आहेत. म्हणून विकत घेताना ज्वालारोधक साहित्य निवडावे, ते दिव्यांपासून व हीटरपासून दूर ठेवावे आणि भोपळ्यात मेणबत्तीऐवजी बॅटरीवर चालणारा छोटा दिवा ठेवावा. दिव्यांच्या माळांसाठी एका एक्स्टेन्शन बोर्डात दुसरा खोचण्याची सवय तर पूर्णपणे टाळावी.

धूर सोडणाऱ्या यंत्राचेही तसेच. त्यातून निघणारे धुके धूर ओळखणाऱ्या उपकरणाला खऱ्या धुरासारखेच भासते. भोंगा वाजतो, इमारत रिकामी होते, अग्निशमन दलाचे बंब येतात आणि सकाळभराचे काम बुडते. दम्याच्या रुग्णांना हे धुके बाधते ते वेगळेच. लखलखणारे दिवेही जपून वापरावेत. सेकंदाला सुमारे ३ ते ३० वेळा लुकलुकणारा प्रकाश काही अपस्माराच्या रुग्णांत झटका आणू शकतो. आपल्या शेजारी बसणाऱ्या माणसाला अपस्मार आहे की नाही हे आपल्याला ठाऊक असतेच असे नाही आणि त्याने ते आपल्याला सांगावे अशी अपेक्षाही धरता येत नाही.

वाटेची रुंदी हा असाच दुर्लक्षिला जाणारा मुद्दा. अपंगांच्या हक्कांविषयीच्या १९९० च्या अमेरिकी कायद्याखालील मानकांनुसार चाकाच्या खुर्चीसाठी वाट सर्वसाधारणपणे किमान ३६ इंच रुंद हवी. जाण्यायेण्याच्या मार्गावर भोपळ्यांचा ढीग रचला किंवा शवपेटी मांडली, की ती रुंदी सहज कमी होते. शेवटची गोष्ट अगदी साधी. छताला काही अडकवण्यासाठी चाकांच्या फिरत्या खुर्चीवर उभे राहू नये. इमारतीच्या देखभाल विभागाकडून शिडी मागून घ्यावी.

ज्याला नको आहे, त्याचे काय?

सुरक्षिततेचे नियम मोजपट्टीने मोजता येतात. मनाचे प्रश्न तसे मोजता येत नाहीत, म्हणून त्यांना अधिक जपावे लागते.

पहिला प्रश्न श्रद्धेचा. ‘जेहोव्हाचे साक्षीदार’ या ख्रिस्ती पंथाचे अनुयायी हॅलोविन पाळत नाहीत. अनेक इव्हँजेलिकल ख्रिस्ती आणि काही मुस्लिम व ज्यू मंडळीही त्यापासून दूर राहतात. अमेरिकेच्या १९६४ च्या नागरी हक्क कायद्यातील सातव्या प्रकरणानुसार कर्मचाऱ्याच्या प्रामाणिक धार्मिक आचरणाला वाव देणे हे मालकाचे कर्तव्य आहे. २०२३ मध्ये ‘ग्रॉफ विरुद्ध डीजॉय’ या खटल्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने हे कर्तव्य अधिक काटेकोर केले. असा वाव नाकारायचा असेल तर थोडीशी गैरसोय होते एवढे कारण पुरेसे नाही, व्यवसायावर मोठा भार पडेल असे दाखवावे लागते. कायद्याने कचेरीतील हॅलोविनला बंदी केलेली नाही. मात्र ज्याला त्यात भाग घ्यायचा नाही त्याला सजावटीला जुंपणे, त्याच्या मेजावर कवटी आणून ठेवणे किंवा ‘सर्व विभागांनी सहभागी व्हावे’ अशी आज्ञा काढणे, हे शहाणपणाचे नव्हे.

दुसरा प्रश्न इतिहासाचा. फासावर लटकणारा पुतळा हा हॅलोविनच्या बाजारात सहज मिळतो. परंतु अमेरिकेतील कृष्णवर्णीय माणसाला गळफासाची दोरी पाहून भूत आठवत नाही. ‘इक्वल जस्टिस इनिशिएटिव्ह’ या संस्थेने १८७७ ते १९५० या काळात जमावाने ठार मारलेल्या चार हजारांहून अधिक कृष्णवर्णीयांची नोंद केली आहे. अशा हत्येला स्वतंत्र संघीय गुन्हा ठरवणारा कायदा होण्यास २०२२ साल उजाडावे लागले. कामाच्या जागी दिसणारा गळफास हा वांशिक छळाचा पुरावा मानला जाऊ शकतो, मग लावणाऱ्याचा हेतू कितीही निरुपद्रवी असो. आरास करणाऱ्याला तो इतिहास आठवला नाही, एवढ्याने तो पाहणाऱ्याच्या मनातून पुसला जात नाही.

तिसरा प्रश्न इतरांच्या पितरांचा. हॅलोविनच्या पाठोपाठ १ व २ नोव्हेंबरला मेक्सिकन कुटुंबे ‘मृतांचा दिवस’ पाळतात. रंगीत कवट्या, झेंडूची फुले आणि दिवंगतांची छायाचित्रे मांडलेली वेदी हे त्याचे रूप. वरवर पाहता ते हॅलोविनसारखे भासते. परंतु ती वेदी घरातील गेलेल्या माणसांच्या आदरार्थ मांडलेली असते. आपल्याकडे सर्वपित्री अमावास्येला वाढलेल्या पानाची कोणी भुताटकीच्या देखाव्यात थट्टा केली, तर आपल्याला कसे वाटेल? मेक्सिकन सहकाऱ्यालाही नेमके तसेच वाटते. त्या कवट्या हॅलोविनच्या भेसूर पसाऱ्यात मिसळू नयेत.

आणि चौथा प्रश्न सर्वांत साधा, तरीही सर्वांत हळवा. गेल्याच महिन्यात आईला पुरून आलेला सहकारी सुटी संपवून कामावर परततो. त्याच्या मेजाच्या वाटेवर पुठ्ठ्याची थडगी मांडलेली आहेत. कोणी त्याला दुखावू इच्छित नाही, उलट सारे त्याच्याशी मायेने वागत आहेत. तरीही प्रत्येक वेळी पाणी प्यायला उठताना त्याला त्या थडग्यांवरून जावे लागते. यावर कोणताही कायदा नाही आणि असूही शकत नाही. एखाद्या शेजाऱ्याने हे आधी ओळखून ती थडगी मुकाट्याने दुसरीकडे हलवावी, एवढाच त्याला उपाय.

अमेरिकेतील रुग्णालयांनी हा विवेक चांगला आत्मसात केलेला दिसतो. तेथे परिचारिका हौसेने भोपळे रंगवतात, नवजात अर्भकांच्या अतिदक्षता विभागात इवल्या बाळांना चिमुकली सोंगे चढवली जातात आणि महिनोन्महिने चिंतेत काढलेल्या आईबापांच्या चेहऱ्यावर क्षणभर हसू उमटते. पण जेथे मृत्यू शेजारच्या खाटेवर येऊ शकतो, तेथे सांगाडे आणि थडगी टाळण्याकडे कल असतो. हॅलोविन तोच, पण जागा ओळखून त्याचे रूप बदललेले.

दोन थरांची आरास

या साऱ्या प्रश्नांवरून कोणी म्हणेल, की मग आरासच नको. पण तसे म्हणणे हा सोपा आणि कोरडा मार्ग झाला. वर्षभर संगणकाच्या पडद्याकडे पाहत बसणारी माणसे एक दुपार कात्री आणि गोंद घेऊन शेजारी बसतात, एरवी न बोलणारे दोन विभाग एकमेकांचे भोपळे पाहायला जातात, आईबापांच्या कचेरीत आलेली पोरे मेजामेजावरून गोळ्या गोळा करतात, हे मोलाचे आहे. ते राखूनही वरील प्रश्न सोडवता येतात.

त्यासाठी आरास दोन थरांत विभागावी. पहिला थर सुगीचा. भोपळे, पिवळी-तांबडी पाने, ज्वालारोधक केलेली मक्याची ताटे, नारिंगी पताका हे सारे स्वागतकक्षात आणि सर्वांच्या वाटेवर मांडावे. त्यात कोणाला घाबरण्यासारखे किंवा दुखावण्यासारखे सहसा काही नसते. कोरलेला भोपळा उबदार इमारतीत थोड्याच दिवसांत सडू लागतो, म्हणून आठवडाभर आधी मांडायचे भोपळे न कोरता रंगवावेत आणि कोरायचे ते आदल्या दिवशी कोरावेत.

दुसरा थर भीतीचा. तो एखाद्या बैठकीच्या खोलीत बंद दाराआड उभारावा. सांगाडे, चेटकिणी, कोळी, किंचाळ्या काय हवे ते तेथे असू द्यावे. आत काय आहे याची सूचना दाराबाहेर लावावी. ज्याला घाबरण्याची हौस आहे तो दार उघडून आत जाईल, ज्याला नाही तो पुढे निघून जाईल. ती सूचना म्हणजेच तिकीट. ज्याने त्याने आपले मेज हवे तसे सजवावे, दुसऱ्याच्या मेजाला विचारल्याशिवाय हात लावू नये. कृत्रिम कोळिष्टके इमारतीबाहेरच्या झाडांवर मुळीच पसरू नयेत, कारण त्यांत पक्षी अडकतात.

या मांडणीचा आणखी एक व्यावहारिक लाभ आहे. १ नोव्हेंबरच्या सकाळी भीतीचा थर उतरवून खोक्यात भरला, की सुगीचा थर नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी येणाऱ्या ‘थँक्सगिव्हिंग’पर्यंत तसाच शोभून दिसतो. खर्च एकदाच आणि उपयोग दोन सणांना.

आपल्या अंगणात

हा विषय आता केवळ अमेरिकेतील मराठी माणसापुरता उरलेला नाही. अमेरिकी कंपन्यांचे काम करणाऱ्या पुण्या-मुंबईच्या कार्यालयांतही ऑक्टोबरअखेरीस प्लॅस्टिकचे भोपळे दिसू लागले आहेत. २०२४ मध्ये तर ३१ ऑक्टोबरलाच नरक चतुर्दशी होती. एकाच दिवशी एका टोकाला नरकासुराचा वध आणि दुसऱ्या टोकाला भुताखेतांचे स्वागत असा योग जुळून आला. त्याच वर्षी न्यूयॉर्क शहरातील सार्वजनिक शाळांनी दिवाळीनिमित्त १ नोव्हेंबरला प्रथमच सुटी दिली. सण असे एकमेकांच्या अंगणात ये-जा करू लागले आहेत.

खरे तर कामाच्या जागेची आरास आपल्याला नवी नाही. खंडेनवमी-दसऱ्याला यंत्रांना झेंडूच्या माळा घालणारे, गणपतीत कचेरीच्या कोपऱ्यात मखर उभारणारे आपण. आपल्या आराशीत कोणाला भीती घालण्याचा हेतू नसतो, पण तिकीट न काढलेला सहकारी आपल्याकडेही असतोच. वर्गणीच्या यादीवर नाइलाजाने नाव लिहिणारा, आरतीला उभे राहावे की नाही या पेचात पडलेला, उदबत्तीच्या धुराने खोकणारा तो असतो. मखरामागे झाकला गेलेला आगीच्या वेळचा दरवाजाही आपल्याकडे असतो. हॅलोविनच्या निमित्ताने अमेरिकी कचेऱ्यांना जे प्रश्न सोडवावे लागले, ते आपल्याही दारात उभे आहेत.

पुढल्या वेळी कार्यालयात कोणतीही आरास करायची ठरली, तर कागद-कात्री घेण्यापूर्वी एक छोटी फेरी मारावी. बाहेर पडण्याचे प्रत्येक दार उघडून पाहावे. चाकाची खुर्ची जाईल एवढी वाट आहे का, हे पाहावे. आणि मग प्रत्येक मेजापाशी क्षणभर थांबून, येथे बसणारा माणूस उद्या सकाळी ही आरास पाहील तेव्हा हसेल की मान खाली घालून पुढे जाईल, याचा विचार करावा. उत्तर ठाऊक नसेल तर त्यालाच विचारावे. त्याला दोन मिनिटांहून अधिक वेळ लागत नाही.